आगोटीचा कांदा, मिरची आणि किलोमागचा खरा नफा: ऐरोलीतल्या तीन महिन्यांच्या नोंदी

१८ मार्च २०२५, मंगळवार

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई (मी त्यांना ताई म्हणते) यंदा आगोटीचा माल विकायचा असं ठरलं. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. आमच्या दिवा कोळीवाड्यात, गोठिवलीत, राबाड्यात अजूनही बऱ्याच घरांत मे महिन्यात दोन-तीन गोणी कांदा, वर्षाचा मसाला, तांदूळ आणि सुकी मासळी भरतात. शेजारी ऐरोलीच्या सेक्टरांमधल्या सोसायट्या आहेत, तिथे लोक पाच किलोच्या वर घेत नाहीत. म्हणजे दोन प्रकारचं गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तुर्भ्याची एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार, ट्रेनने चार स्टेशनं पुढे. कांदा-बटाटा मार्केट आणि मसाला मार्केट दोन्ही तिथेच.

भांडवल दोघींचं मिळून ३०,०००, भिशीतून आलेलं. माल ठेवायला कोळीवाड्यातल्या जुन्या घराची तळमजल्यावरची खोली, भाडं नाही. एक शंभर पानी वही आणली. माझ्यासारखं कुणी पहिल्यांदा करणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून चुकलेले आकडेही तसेच ठेवणार आहे, खोडणार नाही.

२२ मार्च, शनिवार

आज बातमी आली की कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून उठणार. ताई म्हणाल्या, "आता भाव चढणार, लवकर भरू या." मला तसं करावंसं वाटलं नाही. अजून बाजारात लाल कांदा जास्त आहे आणि तो टिकत नाही. आगोटीला उन्हाळ कांदाच लागतो, त्याची आवक एप्रिलमध्ये वाढते. थांबलो.

सासूबाईंकडून आज कांदा बघायला शिकले. मान बारीक आणि पूर्ण सुकलेली हवी. अंगठ्याने मानेशी दाबलं तर दबता कामा नये. ओंजळभर कांदे घोळवले की पत्तीचा कोरडा खडखड आवाज यायला हवा. जाड मानेचा कांदा कितीही टपोरा दिसला तरी घ्यायचा नाही, तो आतून आधी जातो.

४ एप्रिल, शुक्रवार. पहिली खेप

पहाटे पाचच्या सुमारास मार्केटला पोहोचलो. नाशिक, जुन्नरकडच्या गाड्या उतरत होत्या. चार-पाच गाळे फिरून १५ रुपयाने १० गोण्या उचलल्या. वरवरच्या गोण्या उघडून बघितल्या, खालच्या नाही.

बिल: काट्यावर ५१२ किलो, गुणिले १५, म्हणजे ७,६८०. तिथली हमाली आणि तोलाई १८०. छोटा हत्ती (टेम्पो) १,२००. कोळीवाड्यात उतरवायला गोणीला २० प्रमाणे २००. एकूण ९,२६०.

टेम्पोत बसल्या बसल्या केलेला हिशेब वहीत आहे तो असा: ९,२६० भागिले ५१२, म्हणजे किलोला १८ रुपये ९ पैसे. २२ ने विकायचा. ५१२ किलोचे ११,२६४ येणार, नफा २,००४. आठवड्यात दोन खेपा मारल्या तर महिन्याला सोळा हजार. दोघींनाही ते खरंच वाटलं होतं.

७ एप्रिल, सोमवार

तीन दिवस निवडण्यात आणि भरण्यात गेले. पाच-पाच किलोच्या जाळीच्या पिशव्या केल्या, पिशवी ४ रुपयाला. रद्दीवाल्या काकांचा काटा दोन दिवसांसाठी मागून आणला होता.

पहिली गोष्ट लक्षात आली ती बारदानाची. रिकामी गोणी काट्यावर टाकली तर ७०० ग्रॅम. दहा गोण्यांचं ७ किलो. मार्केटमध्ये वजन गोणीसकट झालं होतं आणि पैसेही गोणीसकट वजनाचे दिले. १०५ रुपयांचं ताग कांद्याच्या भावाने विकत घेतलं. गाळेवाल्याने लपवलं नव्हतं, पण स्वतःहून सांगितलंही नाही, आणि मी विचारलं नाही.

मग निवड. जोड कांदा, गोल्टी (अगदी लहान कांदा), फावड्याने कापलेला असा ४१ किलो बाजूला निघाला. ९ किलो सडका. चांगला उरला ४५५.

९ एप्रिल, बुधवार. पहिल्या खेपेचा निकाल

४५५ किलोच्या ९१ पिशव्या व्हायला हव्या होत्या, झाल्या ८९. उरलेला १० किलो कुठे गेला हे शोधायला अर्धा तास लागला. ताई प्रत्येक पिशवीत शेवटी एक कांदा वर टाकत होत्या, काटा ५ च्या थोडा पुढे जाईपर्यंत. झुकतं माप द्यायची घरची सवय आहे, आणि ती वाईट नाही. फक्त ते माप खर्चात धरायला हवं होतं.

प्रत्यक्ष आकडे:
४४५ किलो × २२ = ९,७९०
गोल्टी वगैरे ४१ किलो, एका खानावळीला १२ ने = ४९२
एकूण आले १०,२८२
खर्च ९,२६० + पिशव्या ३६० = ९,६२०
नफा ६६२

२,००४ च्या जागी ६६२. आणि दोघींचे मिळून ३८ तास.

रात्री ताईंना झोप नाही, मलाही नाही. हिशेबाचं पान परत परत पाहिलं. बेरीज-वजाबाकी कुठेच चुकलेली नाही. चूक एकच आहे: खर्चाला मी घेतलेल्या किलोंनी भागलं होतं. भागायला हवं होतं विकलेल्या किलोंनी. गोल्टीचे आलेले ४९२ खर्चातून वजा करून राहिले ९,१२८. भागिले ४४५, म्हणजे २० रुपये ५१ पैसे. हा माझ्या कांद्याचा खरा पडता भाव. १८ रुपये ९ पैसे हा आकडा कागदावरच होता. या दोन आकड्यांमधल्या २ रुपये ४२ पैशांतच माझा बहुतेक नफा होता.

पुढच्या सगळ्या खेपांना वहीच्या पहिल्या ओळीवर हेच लिहायचं: *एकूण खर्च, वजा दुय्यम मालाचे पैसे, भागिले हातात पैसे देऊन गेलेला चांगला माल.*

१० एप्रिल

स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, शिक्का मारलेला, २,८०० रुपये. वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. हा पैसा कुठल्याही एका खेपेत टाकत नाही, वेगळा लिहिते, नाहीतर खेपांची तुलना होणार नाही.

अन्न व्यवसायाची छोटी नोंदणीही करून टाकली. २०२५ च्या नियमाने वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाला १०० रुपये. मिरची विकायची असेल तर ती हवीच.

१६ एप्रिल, बुधवार. दुसरी खेप

यावेळी तीन गोष्टी बदलल्या.

एक, टेम्पो पूर्ण भरला. १० गोण्यांना १,२०० भाडं म्हणजे किलोला २ रुपये ३८ पैसे पडले होते. तेच भाडं १५ गोण्यांवर टाकलं तर १ रुपया ६० पैसे. भाव पाडून घेण्यासाठी गाळ्यावर पाऊण तास घालवला तरी एवढे पैसे सुटत नाहीत.

दोन, आधीच विचारलं, "शेठ, बारदान वजा करणार ना?" ते लगेच हो म्हणाले. एका शब्दाचं काम होतं.

तीन, पंधराही गोण्या खालून-वरून उघडून बघितल्या. हमाल मामांना घाई होती, पण त्यांनीच दोन गोण्या पायाने बाजूला सारल्या आणि म्हणाले, "ताई, ह्या नका घेऊ, ओल्या आहेत." त्यांचा हात रोज शंभर गोण्यांना लागतो. त्यांना विचारावं, असं पहिल्या खेपेला सुचलंच नव्हतं.

निव्वळ ७४७ किलो, १४ रुपयाने १०,४५८. हमाली-तोलाई २७०, टेम्पो १,२००, उतराई ३००. एकूण १२,२२८. घरपोच पडता १६ रुपये ३७ पैसे.

२१ एप्रिल, सोमवार. दुसऱ्या खेपेचा निकाल

नऊ गोण्या न निवडता, तशाच बंद, काट्यावर वजन करून, आगोटीच्या घरांना २० रुपयाने दिल्या. सहा गोण्या निवडून, पिशव्या भरून सोसायट्यांत २३ ने.

बंद गोण्या: ४४९ किलो, ८,९८० रुपये. नफा १,६३०.
पिशव्या: २९८ किलोतून १९ गोल्टी, ४ सड, ५ किलो झुकत्या मापात. विकला २७०, आले ६,२१०, गोल्टीचे २२८, पिशव्यांचा खर्च २१६. नफा १,३४४.
एकूण २,९७४.

किलोमागे बघितलं तर पिशवीतला कांदा जास्त कमावतो: जवळपास ५ रुपये. बंद गोणीला ३ रुपये ६३ पैसेच. ताई म्हणाल्या, मग पुढच्या वेळी सगळाच माल पिशव्यांत भरू. तेव्हा मी तासांची पानं काढली. बंद गोण्यांना दोघींचे मिळून ५ तास गेले, पिशव्यांना १७. म्हणजे गोणीतून तासाला ३२६ रुपये आणि पिशवीतून ७९. हा फरक बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी सतरा तास खाली बसून कंबर मोडली ती एकोणऐंशी रुपयांना?"

तास लिहून ठेवले नसते तर आम्ही पुढच्या खेपेला चुकीच्या दिशेने गेलो असतो, तेही नफा वाढतोय असं समजून.

२४ एप्रिल

सेक्टरमधल्या एका सोसायटीने २० पिशव्या एकदम मागितल्या, दहा टक्के सूट द्या म्हणाले. ताई हो म्हणायच्या बेतात होत्या, दहा टक्के म्हणजे काय मोठं? मी पिशवीचा हिशेब मांडला. विक्री ११५, खरा पडता ९० रुपये १० पैसे, नफा २४.९०. दहा टक्के सूट म्हणजे ११.५० गेले. सूट विक्रीवर दहा टक्के, पण नफ्यातले शेकडा ४६.

दुसऱ्या बाजूने हीच चूक ताईंची आणखी एक आहे, आणि ती मी अनेक दुकानदारांकडेही पाहिली आहे. १०० च्या वस्तूवर २० टक्के चढवले की १२०. मग दहा टक्के सूट दिली तरी दहा उरतील असं वाटतं. १२० चे दहा टक्के १२ असतात. उरतात ८. चढवताना टक्के खरेदीवर धरतो आणि सोडताना विक्रीवर, म्हणून हा घोळ होतो. आम्ही ठरवलं की टक्क्यांत बोलायचंच नाही. किलोला किती रुपये, एवढंच.

सोसायटीला नम्रपणे नाही सांगितलं, पण बंद गोणी घेतली तर २० ने मिळेल म्हटलं. चौघा शेजाऱ्यांनी मिळून दोन गोण्या घ्यायचं कबूल केलं, पुढच्या खेपेत.

२ मे, शुक्रवार. मिरची

कांद्याने हिंमत आली होती. मसाला मार्केटमधून ब्याडगी ३० किलो २८० ने आणि पांडी २० किलो १७० ने घेतली. ब्याडगी रंगाला, पांडी तिखटाला. ८,४०० आणि ३,४०० मिळून ११,८००. त्यावर ५ टक्के जीएसटी ५९०. हमाली ६०, रिक्षा टेम्पो ३५०. एकूण १२,८००.

जीएसटीचं नीट समजून घ्या. ताज्या कांद्यावर तो नाही, सुक्या मिरचीवर आहे. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्याने माझी नोंदणी नाही, म्हणून भरलेले ५९० मला कुठूनही परत मिळत नाहीत. नोंदणीवाल्या व्यापाऱ्याला ते वळते करून घेता येतात. माझ्यासाठी तो सरळ खर्च, खरेदीभावातच मिसळायचा.

इथे मी पुन्हा तीच चूक केली. नऊ एप्रिलला वहीत मोठ्या अक्षरात लिहिलेली. १२,८०० भागिले ५०, म्हणजे २५६. त्यावर वीस टक्के, ३०७, म्हणून ३१० भाव धरला आणि "देठ काढून, वाळवून" अशी ३० किलोची ऑर्डर आगाऊ घेतली. कांद्याला सड असते हे डोक्यात बसलं होतं. मिरची तर आधीच सुकी, तिला कसली सड, असं वाटलं.

५ मे, सोमवार

देठ काढायला शेजारच्या चार बायका आल्या, किलोला १२ रुपये, ६०० झाले. ३ किलो ८०० ग्रॅम नुसते देठ निघाले. ते मी चाळणीत घेऊन काट्यावर ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. २८० रुपये किलोने घेतलेले देठ.

मिरची गच्चीवर पसरली. कडक ऊन आहे. हाताला लागणारी जरा नरम, चामट मिरची दोन उन्हांत कडकडीत होते, आणि ते वजनही जातं. जी मिरची वाजते ती कांडपाला चांगली, पण विकताना हलकी भरते. आत्तापर्यंत २ किलो ६०० ग्रॅम घट.

देठ आणि घट धरून ४३ किलो ६०० उरणार. मजुरीसकट खर्च १३,४००. पडता ३०७ रुपये. आणि मी ३१० ने ३० किलो कबूल करून बसले आहे. किलोला सुटणार जेमतेम २ रुपये ६६ पैसे.

६ मे, मंगळवार

संध्याकाळी आभाळ भरून आलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. धुळीचं वादळ उठलं, गच्चीवरचे पत्रे वाजायला लागले. मी खाली काट्याजवळ होते. ताई ओरडल्या तशी धावले. चादरींचे कोपरे धरून आम्ही तीन चादरी ओढून जिन्यात आणल्या, चौथी आणि पाचवी राहिली. मोठे थेंब मिरचीवर पडताना वेगळाच वास येतो, तिखट आणि मातीचा मिळून. दोन-तीन मिनिटांत दोन्ही चादरींतली मिरची मऊ पडली होती.

रात्रभर पंख्याखाली घरात पसरली. मुलांना शिंका, सासूबाईंना खोकला, सगळ्यांना हॉलमधून हाकललं.

११ मे, रविवार. मिरचीचा निकाल

भिजलेल्यातली बरीच वाचली. पण ५ किलो २०० ग्रॅम मिरचीला देठाच्या खड्ड्यापाशी आतून बुरशी आली. फोडल्यावर बिया राखाडी दिसतात. एका ओळखीच्याने सांगितलं, उन्हात कडक करून कांडून टाका, तिखटात काही कळणार नाही. बुरशी लागलेल्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते वाळवून किंवा भाजून पूर्ण जात नाही. कळणार नाही म्हणूनच ती देता येत नाही. फेकली.

विकली ३८ किलो ४००: ऑर्डरची ३० किलो ३१० ने ९,३००. उरलेली ८ किलो ४०० ग्रॅम ३४० ने २,८५६. आले १२,१५६. खर्च १३,४००. तोटा १,२४४. तास ४०.

पाऊस आला नसता तर? ४३ किलो ६०० विकून ५२४ सुटले असते. म्हणजे तोट्याचं सगळं खापर पावसावर फोडता येणार नाही. भाव चुकीचा ठरला होता, ढग दिसायच्याही आधी.

९ मे, शुक्रवार. तिसरी खेप (ही नोंद मागाहून लिहिली)

मिरचीची धावपळ चालू असतानाच आगोटीचे फोन वाढले. कांदा १३ वर आला होता. २२ मार्चच्या बातमीने भाव चढेल असं वाटलं होतं, तो उलट उतरला. कारण समजायला मार्केटचा एक फेरा पुरे झाला, गाळ्यांसमोर पाय ठेवायला जागा नव्हती एवढी आवक.

३० गोण्या घेतल्या. ऑर्डर १७ गोण्यांच्याच होत्या. बाकी १३ गोण्या "जूनमध्ये भाव वाढेल" म्हणून. निव्वळ १,४८२ किलो, १९,२६६. हमाली ५४०, पिकअप २,२००, उतराई ६००. एकूण २२,६०६, पडता १५ रुपये २५ पैसे.

१९ मे, सोमवार

सतरा गोण्या गेल्या. ८४० किलो, १९ ने, १५,९६०. त्यातले ३,८०० उधारीवर, त्याच ओळखीच्या घरांत. पैसे बुडणार नाहीत याची खात्री आहे, पण ते पैसे हातात नाहीत म्हणून गेल्या आठवड्यात गोल्टी स्वस्त मिळत असताना उचलता आली नाही. उधारीला व्याज लागत नाही असं आपण धरतो. लागतं.

२८ मे, बुधवार

२० तारखेपासून पाऊस, आणि २६ ला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी ११ जूनच्या आसपास येतो, यंदा सोळा दिवस आधी, १९५० पासूनच्या नोंदींतला सर्वांत लवकर. आमचं सगळं गणित "जूनचा पहिला आठवडा" धरून होतं.

खोलीत पाणी शिरलं नाही. पण जमिनीतून ओल आली. गोण्या मी सरळ फरशीवर थप्पी लावून ठेवल्या होत्या, खाली फळ्या नाहीत, भिंतीला चिकटून, खिडकी पावसामुळे बंद. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तसा गोडसर, उबट वास आला. हात खालच्या गोणीत घातला तर आत गरम लागत होतं. बाहेरून गोणी कोरडी, आतला एक कांदा पातळ झालेला, आणि त्याच्या भोवतीचे आठ-दहा त्याच्या पाण्याने ओले.

दोन दिवस सगळ्या १३ गोण्या उपसल्या. फळ्या, प्लास्टिकचा कागद, एका जुन्या पंख्याची दुरुस्ती, ६५० रुपये. ६४२ किलोतून ९६ सडला, २२ किलो नुसती घट, ११८ किलो मऊ किंवा मोड आलेला. चांगला ४०६.

फळ्या आधीच घालायला हव्या होत्या. सासूबाई ९ तारखेलाच म्हणाल्या होत्या, "खाली लाकूड टाक गो." ऑर्डरच्या गोण्या आठ दिवसांत जाणार म्हणून मी दुर्लक्ष केलं. ऑर्डर नसलेल्या १३ चा विचार केलाच नाही.

५ जून, गुरुवार. तिसऱ्या खेपेचा निकाल

४०६ किलो १८ ने ७,३०८. मोडाचा ११८ किलो खानावळीला १० ने १,१८०. एकूण खेपेचे आले २४,४४८. खर्च ६५० धरून २३,२५६. नफा १,१९२.

हा एक आकडा फसवा आहे, म्हणून खेप फोडून लिहिते. ऑर्डरच्या १७ गोण्यांनी ३,१४७ कमावले. भाव वाढेल म्हणून ठेवलेल्या १३ गोण्यांनी १,९५५ घालवले. दोन वेगळे धंदे एकाच बिलात होते. पहिला मला येतो. दुसऱ्यासाठी कांदा चाळ लागते, हवा खेळती लागते, आणि सहा महिने पैसे अडकवायची ताकद लागते. नाशिकचे शेतकरी तेच करतात आणि त्यांनाही तो सोपा जात नाही.

चारही व्यवहार मिळून: ६६२ + २,९७४ − १,२४४ + १,१९२ = ३,५८४. दोघींचे तास १४८. तासाला २४ रुपये. काट्याचे २,८०० अजून बाहेरच आहेत.

ताईंना हा आकडा दाखवायला मन धजत नव्हतं. दाखवला. त्यांनी दुसऱ्या खेपेच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "फक्त हे करू."

१२ जून, गुरुवार. चौथी खेप

नियम लिहिले आणि त्यावरच चाललो. ऑर्डर झाल्याशिवाय गोणी नाही. गोणीमागे २०० रुपये आगाऊ. माल खोलीत उतरवायचाच नाही, टेम्पोतूनच वाटायचा. काटा टेम्पोत बरोबर. उधार नाही.

पाऊस लवकर आल्यामुळे ज्यांची आगोट राहून गेली होती अशी घरं निघाली, आणि सोसायटीतले ते चार शेजारीही. १४ गोण्या. मार्केटमध्ये प्रत्येक गोणीत कोपरापर्यंत हात घालून ऊब लागते का बघितलं, पाच बदलून घेतल्या.

निव्वळ ६९२ किलो, भाव आता १६, म्हणजे ११,०७२. हमाली-तोलाई २५२. टेम्पोवाल्या दादांना आठ ठिकाणी थांबायचं म्हणून १,४०० दिले, आधी ठरवून. एकूण १२,७२४. विक्री २१ ने, १४,५३२. नफा १,८०८. पहाटे साडेचारला निघालो, आठला ऐरोलीत वाटायला सुरुवात केली होती. दोघींचे हिशेबाला धरायचे तास ७, कारण ताई अर्ध्या वाटेवर चढल्या.

भाव पहिल्या खेपेपेक्षा रुपयाने महाग होता. किलोला नफा २ रुपये ६१ पैसेच. तरी आजवरचा सर्वांत सुटसुटीत व्यवहार हाच. ११ हजार रुपये सकाळी गेले आणि दुपारच्या जेवणाआधी परत आले.

१६ जून, सोमवार

कोळीवाड्यातल्या एका काकूंचा फोन. गोणीच्या मधोमध ३ किलो कांदा सडका निघाला. गेले, बघितलं, खरं होतं, जाड मानेचा. घरातला निवडलेला ३ किलो दिला. त्या नको नको म्हणत होत्या.

चौथ्या खेपेत ६३ रुपये खर्च वाढवला. नफा १,७४५. एकूण ५,३२९, काटा वजा जाता २,५२९.